राष्ट्राध्यक्षांची माफी आणि लोकांचे मत



मध्यंतरी एका खेड्यातल्या शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला बसण्याचा योग आला. गुरुजी राष्ट्रपतींचे अधिकार सांगत होते. फाशीची शिक्षा झालेल्यालाही राष्ट्रपती माफी देऊ शकतात, असे वाक्य आले आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, माफी दिली म्हणजे त्यानं गुन्हा केलाच नाही, असं होतं का?" गुरुजी क्षणभर थांबले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे पाहुणे सांगतील." पाहुण्याची कशी पंचाईत झाली असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून आज तोच घेऊन तुमच्यापुढे आलो आहे.

दाखला मात्र दूरचा घेणार आहे, अमेरिकेचा. संसदेवर चालून गेलेल्या दीड हजारांहून अधिक माणसांना एका सहीने माफी मिळाली, आणि तिच्याविषयी लोकांना काय वाटते हेही तिथे लगोलग मोजले गेले. असा प्रसंग दुसरीकडे सहसा सापडायचा नाही.

प्रसंग थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. जो बायडन यांना मतदारमंडळाची ३०६ मते मिळाली आणि गादीवर असलेले डॉनल्ड ट्रंप यांना २३२. ट्रंप यांनी हा निकाल मानला नाही. मतमोजणीत लबाडी झाली असे ते सांगत राहिले. कोर्टांत दावे झाले, ते टिकले नाहीत. ६ जानेवारी २०२१ रोजी तिथली संसद या मतांची शेवटची मोजदाद करायला बसली. (तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात, आपल्याकडच्या पक्षाशी त्या नावाचा संबंध नाही, बरे का.) त्याच दिवशी राजधानीत ट्रंप यांची सभा झाली. सभेतून निघालेला लोंढा संसदभवनावर गेला. त्या इमारतीला कॅपिटॉल म्हणतात. खिडक्या फुटल्या, दारे मोडली, खासदारांना आडवाटेने बाहेर काढावे लागले, मोजणी काही तास बंद पडली. झेंड्याच्या काठ्या, डोळ्यांत झोंबणारे फवारे, पोलिसांच्याच हातून हिसकावलेल्या ढाली, जे हाताला लागले ते चालले. सुमारे १४० पोलीस जखमी झाले. आत घुसू पाहणारी एक बाई पोलिसाच्या गोळीने मेली. रात्री उशिरा मोजणी पुन्हा सुरू झाली आणि पहाटेच्या सुमारास पुरी झाली.

पुढची चार वर्षे खटले चालले. पंधराशेहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले. हजाराहून अधिक जणांनी आपण होऊन गुन्हा कबूल केला. आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. हे पंधराशे लोक एका मापाचे नव्हते. कितीएक जण उघड्या दारातून आत गेले, इकडे तिकडे हिंडले, फोटो काढले आणि परत आले. त्यांच्यावरचे आरोप किरकोळ होते. सुमारे सहाशे जणांवर पोलिसांवर हात टाकल्याचा किंवा त्यांना अडवल्याचा आरोप होता. आणि मूठभर लोकांवर आधीपासून बेत रचून सत्तांतर बळाने रोखण्याच्या कटाचा आरोप होता. 'प्राउड बॉइज' या संघटनेचा म्होरक्या एन्रिके टारिओ याला २२ वर्षांची शिक्षा झाली, ती सर्वांत मोठी. तो स्वतः त्या दिवशी तिथे नव्हताही. 'ओथ कीपर्स' या दुसऱ्या संघटनेच्या स्ट्युअर्ट ऱ्होड्स याला १८ वर्षे झाली. एका टोकाला अठरा-बावीस वर्षे, दुसऱ्या टोकाला थोडा दंड नाहीतर काही दिवसांची कैद. न्यायाधीशांनी माणूस पाहून, कृत्य पाहून माप घातले होते.

२०२४ च्या निवडणुकीत ट्रंप पुन्हा उभे राहिले. निवडून आलो तर या लोकांना माफी देईन, असे त्यांनी प्रचारात उघड सांगितले होते. ते निवडून आले. २० जानेवारी २०२५ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी जाहीरनाम्यावर सही केली. चौदा जणांची शिक्षा होती तिथे थांबवली. ऱ्होड्स त्या चौदांत होता. बाकीच्या सर्व दोषी लोकांना संपूर्ण आणि बिनशर्त माफी दिली. टारिओ त्यांत आला. जे खटले अजून चालू होते ते काढून घ्यायला सांगितले. देशावर झालेला मोठा अन्याय यामुळे संपतो आणि समेटाला सुरुवात होते, असे जाहीरनाम्यात कारण दिले होते.

गंमत अशी की आठच दिवस आधी, म्हणजे १२ जानेवारीला, त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष होऊ घातलेले जे. डी. व्हान्स यांनी एका मुलाखतीत सांगितले होते की, त्या दिवशी ज्याने मारहाण केली त्याला माफी मिळता कामा नये, हे उघड आहे. पारख करायची, हा विचार त्या गोटात नव्हता असे नाही. तो मागे पडला.

आता लोकांना काय वाटले ते पाहू. अमेरिकेत लोकमताच्या पाहण्या घेणाऱ्या संस्था आहेत. हजारभर प्रौढ माणसे निवडतात आणि त्यांना ठरावीक प्रश्न विचारतात. तेहतीस कोटींहून अधिक लोकांच्या देशात हजारांना विचारून काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच की. मात्र शीत कुठले उचलले त्याला महत्त्व आहे. बाजार समितीत जाणता व्यापारी पोत्याच्या तोंडावरची मूठ पाहून भाव करत नाही, पोकळ सळई पार आत खुपसून मधला, तळचा माल काढतो. पाहणीचेही तसेच. शहरातली, खेड्यातली, गोरी, काळी, शिकलेली, न शिकलेली, दोन्ही पक्षांची माणसे योग्य प्रमाणात आली तर अंदाज चुकला तरी तीन-चार टक्के इकडे तिकडे होतो.

रॉयटर्स आणि इप्सोस यांनी माफीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घेतलेल्या पाहणीत ५८ टक्के लोक म्हणाले, सगळ्यांना माफी देऊ नये. पुढच्या महिन्यात वॉशिंग्टन पोस्ट आणि इप्सोस यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. मारहाण न केलेल्यांना माफी दिली ती बरोबर का? निम्म्याहून थोडे अधिक लोक म्हणाले, नाही. मारहाण केलेल्यांना दिली ती? दहापैकी आठांहून अधिक म्हणाले, नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाला देश जवळजवळ दुभंगलेला, आणि दुसऱ्याला बहुतेक सगळे एका बाजूला. जाहीरनामा एकच, पण प्रश्न दोन केले की उत्तरे दोन येतात. असोसिएटेड प्रेसच्या पाहणीत तर खुद्द ट्रंप यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या लोकांतही 'बहुतेकांना माफी द्या' म्हणणारे दहांत चारच्या आसपास निघाले.

माझ्या मते या सगळ्या आकड्यांचा अर्थ एवढाच की लोक माफीच्या विरुद्ध नव्हते, सरसकट माफीच्या विरुद्ध होते. गावात पोरे दंगा करतात, कोणी नुसता मागे मागे फिरलेला असतो, कोणी दगड मारलेला असतो, कोणी दगड पुरवलेले असतात. पंचांनी तिघांना एकच न्याय लावला तर पारावर बसलेली माणसे बोलणारच. वॉशिंग्टनची माणसेही तशीच बोलली.

ज्यांना ही माफी पटली त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणत की हे खटले सूडाने भरले गेले. काही जणांना निकालाआधीच महिनोन्महिने कोठडीत राहावे लागले. २०२० साली देशभर निदर्शने झाली, त्यांतही जाळपोळ झाली, तेव्हा सरकारने एवढा कडकपणा कुठे दाखवला? शिवाय सरकारी वकिलांनी एका कलमाचा अर्थ नको इतका ताणला होता, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले आणि त्याचा फायदा शेकडो आरोपींना व्हायचा होता. या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यावरचा उपाय पारखून माफी देण्याचा होता. ज्याला कलम चुकीचे लागले त्याचे प्रकरण वेगळे, आणि ज्याने पोलिसाला दारात चेंगरले त्याचे वेगळे.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. ते विचारतात, लोकांना सांगून, लोकांची मते घेऊनच ट्रंप आले ना? मग लोकमत आणखी कुठले शोधता? श्रोतेहो, याचे उत्तर तुम्हाला पुस्तकात पाहायला नको. आपण सरपंच निवडतो तो कशासाठी? नळाचे पाणी नीट येईल म्हणून कोणी मत देतो, कोणी रस्त्यासाठी, कोणी भावकीसाठी, कोणी समोरचा नको म्हणून. पुढे त्या सरपंचाने गायरानाची जमीन कोणाला दिली आणि वर म्हणाला, "तुम्हीच निवडून दिलंय," तर आपण मान डोलावू काय? मताची चिठ्ठी एकच असते, तिच्यात दहा गोष्टी बांधलेल्या असतात. पाहणीत त्यांतली एक सुटी करून विचारतात. २०२४ साली ट्रंप यांना मत देणाऱ्या पुष्कळांच्या मनात महागाई होती, परदेशांतून येणाऱ्या लोकांचा प्रश्न होता. त्यांनी मत दिले, आणि मारहाणीच्या माफीला त्यांच्यापैकीही अनेकांनी नाही म्हटले. दोन्ही खरे.

पोलिसांचे तर फारच अवघड झाले. तिथल्या पोलिसांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने निवडणुकीत ट्रंप यांना पाठिंबा दिला होता. माफीनंतर तिने आणि पोलीसप्रमुखांच्या संघटनेने मिळून पत्रक काढले, पोलिसांना मारणाऱ्यांची अशी सुटका पाहून आम्ही खिन्न झालो आहोत म्हणून. त्यांनी बायडन यांनाही सोडले नाही, कारण जाता जाता त्यांनीही माफ्या वाटल्या होत्या. बायडन यांनी आपल्या मुलाला डिसेंबर २०२४ मध्ये माफी दिली आणि शेवटच्या दिवशी भावंडांना, त्याशिवाय ६ जानेवारीची चौकशी करणाऱ्या समितीच्या सदस्यांनाही देऊन ठेवली. दोन्हीकडे हात ओले म्हटल्यावर सामान्य माणसाने बोट कोणाकडे दाखवायचे?

हा अधिकार एका माणसाच्या हाती का दिला, हा प्रश्न त्या देशाच्या घटनाकारांपुढेही होता. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना तयार होत असताना एडमंड रँडॉल्फ यांनी सुचवले की देशद्रोहाचा गुन्हा माफीतून वगळावा, कारण राष्ट्राध्यक्ष स्वतःच त्यात सामील असू शकतो. सूचना पडली. पुढच्या वर्षी जॉर्ज मेसन यांनी तीच भीती बोलून दाखवली: आपणच सुचवलेल्या गुन्ह्याला तो माफी देईल. याउलट अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे म्हणणे असे की बंडाळीच्या दिवसांत योग्य घडीला दिलेली माफी राज्यात शांतता परत आणते, आणि ती घडी सभा बोलावून चर्चा करीत बसले तर निघून जाते, म्हणून अधिकार एकाच हातात असावा. दोघांचेही म्हणणे आज वाचताना अंगावर येते. ट्रंप यांच्यावर त्या दंगलीवरून २०२१ मध्ये महाभियोग चालला होता. सिनेटमध्ये ५७ जणांनी दोषी म्हटले, ४३ जणांनी नाही. दोन तृतीयांश झाले नाहीत म्हणून ते सुटले. आपला काही दोष नाही असेच ते म्हणत आले आहेत. तरी ज्यांच्या नावाच्या घोषणा त्या दिवशी झाल्या त्यांच्याच सहीने माफी आली, हे लोकांच्या नजरेतून कसे सुटावे?

हॅमिल्टन यांची गोष्ट खरी ठरली तो प्रसंग तुम्हा शेतकऱ्यांना जवळचा वाटेल. १७९१ मध्ये सरकारने दारूवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हानियातले शेतकरी डोंगरापलीकडे राहत. धान्याची पोती घोड्यावर लादून डोंगर ओलांडणे परवडत नसे, म्हणून ते धान्याची व्हिस्की करून विकत. थोड्या ओझ्यात जास्त पैसा. कर बसला आणि ते खवळले. १७९४ मध्ये त्यांनी कर तपासनिसाचे घर जाळले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन आधी माफीचा निरोप घेऊन माणसे पाठवतात: शपथ घ्या, कायदा पाळा, झाले गेले विसरू. मग सुमारे तेरा हजार शिपाई घेऊन निघतात. फौज पोचेपर्यंत बंड विरून गेले होते. खटले झाले, दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि १७९५ मध्ये वॉशिंग्टन यांनी त्या दोघांनाही माफ केले. वाट चुकलेल्यांनी आपली चूक सोडली आहे, असे त्यांनी संसदेला सांगितले. क्रम पाहा: आधी कायद्याचा मान, मग चुकीची कबुली, मग माफी. शिवाय माफी देणारा त्या भांडणात शेतकऱ्यांच्या बाजूचा नव्हता. ज्यांच्यावर फौज घेऊन गेला, त्यांनाच माफ करत होता.

आणखी एक दाखला. व्हिएतनामच्या लढाईत सक्तीची लष्करभरती टाळून कितीतरी तरुण कॅनडात पळाले होते. जिमी कार्टर यांनी २१ जानेवारी १९७७ रोजी, म्हणजे पदावर आल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना माफी दिली. तीही हजारोंना, एकाच सहीने. पण ज्यांनी बळाचा वापर केला, हिंसा केली, त्यांना जाहीरनाम्यातूनच वगळले. माफी सरसकट देतानाही एक रेघ ओढता येते, ती अशी.

आपल्याकडे काय आहे? घटनेच्या ७२ व्या कलमाने राष्ट्रपतींना आणि १६१ व्या कलमाने राज्यपालांना हा अधिकार आहे. फरक असा की आपले राष्ट्रपती तो स्वतःच्या मर्जीने वापरत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. आणि माफीचा हुकूम मनमानीने दिला असेल तर न्यायालय तो तपासू शकते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात या अधिकाराची सर्वांत गाजलेली गोष्ट नौदलाचे अधिकारी नानावटी यांची. खून दंग्यातला नव्हता, घरगुती होता. पण लोकमत म्हणाल तर अख्खी मुंबई त्या खटल्यावर बोलत होती. सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. त्या प्रकरणाच्या हकिकतीत असे सांगतात की, मयताच्या बहिणीने हरकत नसल्याचे आधी लेखी दिले होते. ज्याचे माणूस गेले त्याला विचारले गेले, ही गोष्ट मला त्या सगळ्या गाजावाजापेक्षा मोठी वाटते.

अलीकडचे उदाहरण याच्या उलट आहे. गुजरातेतील २००२ च्या दंगलीतला बलात्काराचा आणि खुनांचा एक खटला निःपक्षपणे चालावा म्हणून मुंबईला आणला होता. त्यात जन्मठेप झालेल्या ११ जणांची शिक्षा गुजरात शासनाने कमी केली आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी ते बाहेर आले. ही माफी नव्हती, शिक्षेत सूट होती. पण बाहेर येणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. त्यांना हार घातले गेले. जिच्यावर अत्याचार झाला ती बाई म्हणाली, मला कोणी विचारलेसुद्धा नाही. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, कारण खटला महाराष्ट्रात चालला होता आणि सूट द्यायचीच तर तो अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता. ते अकरा जण परत तुरुंगात गेले.

तेव्हा कॅपिटॉलच्या दारात ज्यांची डोकी फुटली त्या पोलिसांना कोणी विचारले काय? नाही विचारले. त्यांच्यापैकी काहींनी ते जाहीर बोलूनही दाखवले.

एक सांगितले पाहिजे की लोकमत म्हणजे शेवटचा निवाडा नव्हे. १९७४ मध्ये जेरल्ड फोर्ड यांनी आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना माफी दिली तेव्हा लोक इतके चिडले की फोर्ड यांना मानणारे शंभरात सत्तर होते ते पन्नासवर आले. पण २००१ साली त्याच माफीसाठी त्यांना धैर्याचा पुरस्कार मिळाला. ६ जानेवारीच्या माफीचेही पुढे काय होईल ते पुढचे लोक पाहतील. मला स्वतःला ती दोन जातींची धान्ये एकाच पोत्यात भरल्यासारखी वाटते, आणि माझे मत काळाने बदलेल असे आज तरी वाटत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. माफी दिली म्हणजे गुन्हा केलाच नाही असे होते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये एका वर्तमानपत्राच्या संपादकाच्या प्रकरणात सांगितले की, माफी नाकारता येते. कारण माफीत दोष गृहीत धरलेला असतो आणि ती घेणे म्हणजे तो पत्करणे. त्या संपादकाने ती घेतली नव्हती. २०२५ मध्येही असे एक माणूस निघाले. आयडाहो राज्यातील सत्तरी ओलांडलेल्या एका बाई ६ जानेवारीला कॅपिटॉलमध्ये गेल्या होत्या, गुन्हा कबूल करून त्यांनी ६० दिवस तुरुंगात काढले होते. माफी आली तेव्हा त्या म्हणाल्या, मला नको. मी चुकले होते, आणि ही माफी घेतली तर त्या पोलिसांचा अपमान होईल. तेव्हा, बाळ, उत्तर असे आहे: शिक्षा पुसली जाते, केलेले पुसले जात नाही.

गुरुजनांसाठी एक सूचना करून थांबतो. हा धडा घेताना वर्गाला आधी एवढेच विचारा: "दंगा केलेल्या सगळ्यांना माफी द्यावी का?" हात मोजा. मग मधल्या सुट्टीनंतर तोच प्रश्न दोन तुकड्यांत विचारा, नुसते आत गेलेल्यांसाठी एकदा आणि मारहाण केलेल्यांसाठी एकदा. तीनही आकडे फळ्यावर वेगवेगळे लिहा आणि मुलांनाच विचारा, आपल्या वर्गाचे मत यांतले कोणते.